टोइवो सारेला गाद्यांच्या दुकानात पडला

अमेरिकेतल्या, सरोवराकाठच्या डुलुथ गावातल्या दुकानांची आणि गोदामांची सपाट छपरं हिवाळाभर सांभाळायची, हाच आयनो सारेलाचा आणि त्याच्या धाकट्या भावाचा, टोइवोचा धंदा. बर्फ ओढायचा, पाणी उतरायची तोंडं मोकळी ठेवायची. त्या तोंडांत बर्फ गोठला की वितळलेलं पाणी छपरावरच साचतं आणि मिळेल त्या फटीतून खाली उतरतं. म्हणून टोइवोची बायको हेल्मी आपले जुने लांब पायमोजे द्यायची. त्यांत बर्फ वितळवायचं मीठ भरून दोघं ते तोंडापाशी आडवे टाकत.

"माझ्या बायकोचे पाय या गावात सगळ्यांत उंच चढलेत," टोइवो म्हणायचा.

त्या जानेवारीत दोन दिवस ऊन पडलं आणि गाद्या-फर्निचरच्या दुकानात पाणी ठिबकू लागलं. दोघं वर गेले. आयनो जवळचं तोंड फोडत बसला.

"तू पलीकडचं बघ," तो भावाला म्हणाला.

मधे उजेडासाठी बसवलेला प्लास्टिकचा घुमट होता, बर्फाखाली पार गडप झालेला. ओरडणं नाही, काही नाही. आयनोनं मान वळवली तेव्हा बर्फात नुसतं एक भोक होतं.

टोइवो वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. खिडकीशी खाटेवर पडून तो आल्यागेल्याला सांगायचा, "गाद्यांच्या दुकानात पडलो, तोही फरशीवर. हातभर अंतरावर थप्पी होती. याला म्हणतात नशीब."

लोक हसत. आयनोला हसू येत नसे.

"तू काय सुतकी चेहरा करून बसतोस?" टोइवो खेकसायचा. "पडलो मी. तू कामाला जा."

आयनो जायचा. दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी टोइवोच्या छातीत कफ भरला, आणि आठवड्यात तो गेला.

दफन झाल्यावर हेल्मीनं कॉफी ओतली.

"या वर्षी बरोबर कोण?" तिनं विचारलं.

"कोणी नाही."

"मग जाऊ नकोस."

"दुकानदाराला शब्द दिलाय."

ती कप उचलून आत गेली.

पहिला मोठा बर्फ पडला तसा आयनो कमरेला दोर बांधून त्याच छपरावर चढला. जवळचं तोंड मोकळं केलं. पलीकडच्या तोंडाकडे निघाला, तर नव्या घुमटाच्या अलीकडे त्याचे पाय थिजले. घुमटाभोवती आता लोखंडी कठडा होता, भीतीचं काही कारणच नव्हतं. तरी पाय उचलेना. सरोवरावरून धुकं आलं, बोटं बधिर झाली, तेव्हा तो उतरला.

"दुसरा माणूस बघा," त्यानं दुकानदाराला सांगितलं.

"अर्धंच झालंय की."

"हो. अर्धंच झालंय."

त्यानंतर तो कुठल्याच छपरावर चढला नाही. रविवारी हेल्मीच्या दारातला बर्फ तेवढा काढून देतो. ती कॉफीला बोलावते. कधी तो आत जातो, कधी फावडं भिंतीला टेकवून तसाच निघून जातो.