धुळाजीनं निवडलेलं इंजिन

धुळाजीच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली. धुळाजी मात्र जालन्याच्या एका जिनिंगमध्ये लॉरी चालवायला शिकला आणि १९३८ साली सगळा कळप विकून त्यानं स्वतःची जुनी लॉरी घेतली. तिचं इंजिन पार गेलं होतं. राजूर भागातला कापूस रोज जालन्याला आणायचा, तर इंजिन दमाचं पाहिजे होतं.

त्याचा मेहुणा त्रिंबक जालन्यात लॉऱ्यांचा मिस्त्री होता. त्याच्या आवारात धुळाजीच्या लॉरीच्याच बनावटीच्या दोन लॉऱ्या उभ्या होत्या, वरून मोडक्या पण इंजिनं चालू असलेल्या. धुळाजीनं दोन्हींत दगड भरले आणि एकेक करून त्या चढावर नेल्या. पहिली निम्म्यातच धापा टाकू लागली. दुसरी न अडखळता वर गेली.

"हिचंच इंजिन बसव," तो पैसे मोजत म्हणाला.

"बराबर निवडलं, दाजी. चार दिवसांनी या."

चार दिवसांनी तो गेला तेव्हा इंजिन बसलेलं होतं, वरून नवा रंगही होता. मेहुण्याच्या कामात काय तपासायचं, म्हणून त्यानं बॉनेटही उघडलं नाही.

रिकामी लॉरी ठीक चालली. कापूस भरल्यावर मात्र पहिल्याच चढाला ती थांबली आणि मागं घसरू लागली. धुळाजीनं उडी टाकून चाकांखाली दगड लावले. तेवढ्यात मागून एक भरलेली लॉरी आली आणि न अडखळता पुढं गेली. आपण निवडलेल्या इंजिनाचा तो आवाज धुळाजीनं लगेच ओळखला. चालवत होता त्रिंबक. त्यानं मान वळवली नाही.

संध्याकाळी धुळाजी त्याच्या दारात उभा राहिला.

"तुमचं रोजचं राजूर ते जालना," त्रिंबक म्हणाला. "तेवढ्याला त्या पहिल्या लॉरीचं इंजिन बास हाय. मला हितला माल पार औरंगाबादेपत्तूर न्यायचा हाय, दाजी."

"मंग तोंडावर सांगायचं. कळप इकून आल्तो मी तुझ्याकडं."

"सांगितलं असतं तर सोडलं असतं का तुम्ही ते इंजिन?"

धुळाजी तिथून निघाला. घरी त्यानं बायकोला, आसराबाईला सांगितलं. तिचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच भावाकडं गेली.

"तुला इंजिनातलं काय कळतं, अक्का?" तो हसला.

"इंजिनातलं न्हाई कळत," ती म्हणाली. "तू कळला."

इंजिन काही परत मिळालं नाही. दोन वर्षं धुळाजीनं निम्मा माल भरून दिवसाला दोन खेपा केल्या. मग औरंगाबादेहून दुसरं इंजिन आणून स्वतःच्या हातानं बसवलं.

त्या दिवाळीत भाऊबीजेला तो म्हणाला, "जा की, मी पोचवतो."

आसराबाई भाकरी थापत राहिली.