गालातली गोळी

जवळ कोणी नसताना ज्याला बोलणे ऐकू येते, त्याने देवाच्या अनुभवाविषयी लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्या डोक्यात एक पुरुषी आवाज बोलतो. जिंतूरला मी प्राथमिक शिक्षक होतो. निजामाचे राज्य जाऊन शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली, त्या धामधुमीत तो पहिल्यांदा बोलला. पुढे नोकरी सुटली, पण तो सुटला नाही. म्हणून देवाविषयी येथे मी तेवढेच सांगतो, जे माझ्या पत्नीनेही पाहिले आहे.

चाळिशी उलटल्यावर मला मधुमेह जडला. परभणीच्या डॉक्टरांनी तेव्हा नव्यानेच आलेल्या गोळ्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक, एकही चुकवायची नाही. पत्नी गोळी माझ्या तळहातावर ठेवी आणि आवाज म्हणे, ‘विष आहे. हिला तुला संपवायचे आहे.’ जिने लोकांचे कपडे शिवून घर चालवले, तिच्याविषयी मी हे खरे मानले. भांडण नको म्हणून गोळी गालात धरायची, वरून पाणी प्यायचे आणि अंगणात जाऊन तुळशीच्या बुंध्याशी थुंकायची. कित्येक महिने मी हे केले. तिने विचारलेच तर देवाची शपथ घेऊन ‘घेतली’ म्हणालो. औषध लागू पडत नाही म्हणून ती बिचारी माझ्यासाठी उपास करू लागली. इकडे चपलेने झालेली अंगठ्याची जखम चिघळून काळी पडत चालली. महिन्याभरात साखर उतरली नाही तर पाय कापावा लागेल, असे डॉक्टर म्हणाले. तरीही मी थुंकतच राहिलो. देवाने आधी आवाज बंद करावा, मग मी गोळी घेईन, असा माझा हट्ट होता.

पत्नीने मला बैलगाडीत घालून पोखर्णीला नृसिंहाच्या पायाशी नेले. दर्शन झाल्यावर मी बाहेर लिंबाखाली बसलो. शेजारी एक म्हातारा धनगर कळपातल्या एका आजारी मेंढीला पाल्याचा गोळा चारत होता. गोळा तोंडात घातल्यावर तो तिच्या गळ्यावर हात ठेवून कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. इतक्यात पत्नी तीर्थ आणि गोळी घेऊन आली. मी नेहमीप्रमाणे गोळी गालात सारली, तीर्थ प्यालो.

म्हातारा माझ्याकडे बघून हसला. “मास्तर, गिळा की. मेंढरं बी अशीच गालात धरत्यात. पाठ फिरली की थुकत्यात.”

पत्नीने तीर्थाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, “अहो, आ करा बरं.”

मी तोंड उघडले. गोळी गालातच होती.

मला वाटले, आता ही आकांत करील. पण ती “म्हणून आपली तुळस वाळली व्हय,” असे म्हणून हसली आणि हसता हसता रडू लागली. त्या रडण्याने माझी जीभ सुटली. आवाज, विष, खोटी शपथ, सगळे मी सांगून टाकले.

म्हाताऱ्याने विचारले, “आत्ता बी बोलायलाय का त्यो?”

“हो. थुंक म्हणतो.”

“म्हणू द्या. त्यो गप व्हायची वाट बघताल तर पाय जाईल. वारा सुटला म्हणून मी मेंढरं उपाशी ठिवतो व्हय?”

समोर देऊळ होते. प्रल्हादालाही विष पाजले होते, हे मला आठवले. मनात म्हणालो, ‘नृसिंहा, विषच असेल तर तुझ्या दारात घेतो. पुढचे तुझ्याकडे.’ आणि गिळली. म्हाताऱ्याने मेंढीला लावावा तसा माझ्या गळ्याला हात लावून पाहिला. “गेली,” तो पत्नीला म्हणाला, “लय सोपं हाय, माय. रोज बघत जा तोंडात.” मग मेंढरे हाकीत तो निघून गेला.

पत्नी म्हणते, तो देवच होता. मी काही म्हणत नाही. माझ्या डोळ्यांना जे दिसले ते तिच्याही डोळ्यांना दिसले, माझ्यासारख्याला एवढी कृपा पुष्कळ आहे.

त्या दिवसापासून एकही गोळी चुकली नाही. रोज तिच्यासमोर गिळायची आणि ती “आ करा, मास्तर,” म्हणाली की तोंड उघडून दाखवायचे. आधी या गोष्टीची लाज वाटे. आता त्यातच सुटल्यासारखे वाटते, कारण लपवायला काही उरले नाही. जखम हळूहळू भरली आणि पाय वाचला. आवाज आहेच. तो विष म्हणतो, मी बरे म्हणतो आणि गिळतो. देवाला अट घालून बसणे म्हणजे शरण जाणे नव्हे, एवढे मला त्या लिंबाखाली कळले.

यंदा पोखर्णीला गेलो. दोन्ही पायांनी चालत गाभाऱ्यापर्यंत पोहोचलो, हात जोडले, आणि नकळत नृसिंहापुढे ‘आ’ केला.