आबांना फक्त हात वर करायचा होता

माझे सासरे आधी स्वातंत्र्यसैनिक होते, मग आमदार झाले आणि त्यानंतर मरेपर्यंत माजी आमदार राहिले. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड होतं आणि त्याचा ताप घरातल्या बायकांनी सोसला.

मी धुळ्याची. लग्न ठरलं तेव्हा वडील म्हणाले होते, "एवढे मोठे पुढारी, पण फार साधी माणसं." चोपड्याजवळच्या त्यांच्या गावी आले आणि तो साधेपणा मी जवळून पाहिला. आबा खादीच घालायचे, पण तिला खळ अशी लागायची की सदरा काढून ठेवला तरी अंगात माणूस असल्यासारखा दिसावा. ते बिनतिखटाचं जेवायचे. अख्खा खानदेश काळ्या मसाल्यावर जगत असताना आमच्याकडे त्यांच्यासाठी रोज वेगळी भाजी शिजायची. दूध शेळीचंच लागायचं आणि शेळी काही स्वतःहून भांड्यात दूध घालत नाही. सासूबाई होत्या तोवर त्या, नंतर मी आणि धाकटी जाऊ. आबांना साधं राहता यावं म्हणून आम्ही पहाटेपासून राबत होतो.

एक मात्र सांगायला हवं. त्यांनी तुरुंग भोगला होता, तो खराच. बेचाळीसच्या चळवळीत शाळा सोडून त्यांनी तारायंत्राच्या तारा तोडल्या, पकडले गेले, मार खाल्ला. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकडीच राहिली. त्याबद्दल ते घरात चकार शब्द काढत नसत. बोलायचे ते आमदारकीबद्दल. कुठल्या मंत्र्याला कसं गप्प केलं, कुठल्या कलेक्टरला कसं उभं ठेवलं. पक्ष त्यांनी बरेच बदलले. प्रत्येक वेळी तत्त्वासाठी. योगायोग एवढाच, की तत्त्वाची आठवण त्यांना तिकीट कापलं गेल्यावरच व्हायची.

त्यांची नव्वदी उलटल्यावर माझ्या दिरांना जिल्हा परिषदेची उमेदवारी मिळाली. ज्या पक्षाची मिळाली त्याला आबांनी हयातभर शिव्या दिल्या होत्या. पण भाऊंच्या, म्हणजे माझ्या दिरांच्या, डोक्यात हिशेब स्पष्ट होता. स्वातंत्र्यसैनिकाचा मुलगा हा शिक्का दुसऱ्या कुठल्याच उमेदवाराकडे नव्हता.

बाजाराच्या दिवशी सभा ठेवली. सकाळी भाऊ आबांच्या खाटेजवळ येऊन बसले.

"आबा, तुम्ही बोलायचं नाही. खुर्चीत बसायचं. मी खूण केली की हात वर करायचा."

"कोणता हात?"

"उजवा. बोटं दिसली पाहिजेत."

आबांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मला राग आला होता, पण आमच्या घरात सुनांचा राग स्वयंपाकघराबाहेर जात नसे. मला काम दिलं होतं आबांच्या शेजारी पाण्याची बाटली घेऊन बसायचं आणि माईक त्यांच्यापासून लांब ठेवायचा.

गाडीत आबा माझ्या कानाशी वाकले. घरात ते अहिराणीच बोलत. "हाऊ कोणता पक्ष शे?"

"आपलाच, आबा."

"आपला कोणता?"

मी त्यांच्या गळ्यातल्या उपरण्याकडे बोट दाखवलं. त्यांनी ते वरखाली पाहिलं आणि खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत बसले.

सभेत तालुक्याचे एक पुढारी आबांची ओळख करून द्यायला उठले. त्यांचा जन्म स्वातंत्र्यानंतर बराच उशिरा झालेला, पण त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगितलं. आबांच्या कानाजवळून गोळ्या सूं सूं करत गेल्या. आबांनी इंग्रज साहेबाची कॉलर धरली. लोक टाळ्या वाजवत होते. भाऊंनी खूण केली. आबांनी हात वर केला, तो खाली आणताना माझ्यापुढचा माईक उचलला आणि थेट बोलायला लागले. घरची बोली गेली आणि जुना आमदार आला.

"गोळी-बिळी काही नव्हती. साहेबही नव्हता. फौजदार आपल्याच भागातला होता आणि त्यानं मला जनावरासारखं मारलं."

पुढारी हसल्यासारखं करत पुढे आले. आबांनी त्यांना हातानंच मागे सारलं.

"तारा मी तोडल्या. त्या महिन्यात गावातल्या मारवाडी शेटजींचे वडील तिकडे राजस्थानात वारले. तार आलीच नाही, येणार कशी? त्यांना तेरावं उरकल्यावर कळलं. तारा मी तोडल्या हे त्यांना माहीत होतं. माझ्या पहिल्या निवडणुकीत त्यांनी स्वतःची बैलगाडी प्रचाराला दिली. मी ती घेतली. त्यांच्याशी त्याबद्दल कधी बोललो नाही. आता ते नाहीत."

भाज्यांच्या पाट्या घेऊन चाललेल्या बायकाही थांबल्या. मी माईक काढून घ्यायला हवा होता, पण माझा हात उचलला गेला नाही. खरं तर मला तो उचलायचाच नव्हता.

मग आबा भाऊंकडे वळले. "हा माझा पोरगा. मी तारा तोडल्या. यानं आजवर फितीसुद्धा दुसऱ्याच्या कात्रीनं कापल्या. तुम्हाला मत द्यायचं असेल तर मला द्या. मी उभा नाही, म्हणजे पाच वर्षं तुम्हाला माझा काही त्रास नाही."

अख्खा बाजार हसायला लागला. भाऊ पण हसले, कारण शेजारी फोटोवाला होता.

घरी आल्यावर मात्र त्यांनी जेवणाचं ताट सरकवलं. "माझा बाप मला पाडणार," असं ते जावेला आणि भिंतीला सांगत होते. आबा आपली बिनतिखटाची गिलक्याची भाजी शांतपणे खात होते. मला वाटलं, चला, निवडणूक संपली. मनातून मी खूश होते.

पण भाऊंच्या कार्यकर्त्यांना मी कमी लेखलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरला. त्यात आबा हात वर करतात, वाकडी बोटं जवळून दिसतात, मग आबा म्हणतात, "फौजदारानं मला जनावरासारखं मारलं." पुढे लगेच, "हा माझा पोरगा. तुम्हाला मत द्यायचं असेल तर..." आणि तिथे आबांचा आवाज थांबून भाऊंचा हसरा फोटो येतो, खाली निवडणूक चिन्ह. पाठीमागे बासरी. शेटजी, तार, बैलगाडी, फिती, सगळं गेलं होतं. पाहून बायका रडल्या म्हणे.

भाऊ निवडून आले, आणि चांगल्या मतांनी.

मिरवणुकीसाठी उघडी जीप आली तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की आबांना खोलीतच बसू द्यायचं. त्यांना तो सोहळा बघवणार नाही असं मला वाटलं. जाऊन पाहते तो आबा टोपी घालून तयार, हातात काठी. "चाल लवकर," म्हणाले. कार्यकर्त्यांनी उचलून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. डोक्यावर गुलाल पडला, ढोल वाजले. कोणी सांगितलेलं नसताना आबा सगळ्या गावातून हात वर करत गेले. भाऊ मागे उभे होते आणि लोक आधी आबांच्या पाया पडत होते. त्यामुळे भाऊ जरा खट्टू झालेले दिसले. तेवढंच माझं समाधान.

दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं त्यांच्या कानामागचा गुलाल पुसताना मी शेवटी विचारलंच. "आबा, त्या दिवशी सभेत एवढं बोललात. मग काल जीपमध्ये कसे बसलात?"

आबांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"मी बोलनू ते खरं शे," ते म्हणाले. "अन् जीप बी खरीच शे."

मग त्यांनी मला सांगितलं, की उजव्या कानात अजून गुलाल राहिला आहे.