कोरा चहा

मी चौथी शिकलेली. अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. ही वही कोणी वाचणार नाही, तरी आधीच माफी मागते.

नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा मी पेठ रोडच्या नाक्यावर चहाची गाडी लावली. स्टोव्ह, पातेली, ग्लास घ्यायला शेजारच्या मावशीनं नऊशे रुपये दिले. ती त्याच नाक्यावर मेथी-कोथिंबीर विकायची. पैसे तिनं घरावर नवे पत्रे टाकायला साठवले होते. "पावसाच्या आत दे म्हणजे झालं," एवढंच म्हणाली.

पण मला "चहा घ्या" असं ओरडताच येईना. मावशी जुड्या बांधता बांधता म्हणायची, "अगं, चहा विकायला बसलीस का लपायला?" मग मी जोरजोरात आलं कुटायचे. त्या आवाजानं दोन-चार जण वळायचे.

मावशी रोज माझा चहा प्यायची आणि दीड रुपया बशीत ठेवायची. नको म्हटलं तर रागवायची. "पैसे फिटेपर्यंत फुकट चहा म्हणजे व्याज. मी व्याज खात नाही."

होळी जवळ आली तरी मी दोनशेच फेडले होते. मावशी पैशांचा विषय काढायची नाही, त्यानं मला जास्त लाज वाटायची.

सकाळी नाक्यावर डोंगराकडची माणसं द्राक्षाच्या कामाला जायला उभी असत. ती माझ्याकडे कधी येत नसत. मला वाटायचं, पैसे वाचवत असतील.

एके दिवशी साखर संपली म्हणून मी दुधाच्या चहात गूळ टाकला. उकळी आली आणि अख्खं पातेलंभर दूध फाटलं. डोळ्यांत पाणीच आलं. ते दूध ओतून दिलं. उरलेला गूळ, पत्ती आणि गवती चहा नुसत्या पाण्यात उकळला, म्हटलं निदान आपण तरी घोटभर पिऊ.

वासानं डोंगराकडची एक म्हातारी जवळ आली.

"बाय, कोरा हाय का?"

"आहे, पण दूध नाही हो."

"दूध नकोच. ते वासराचं. आमी कोराच पितो."

तिनं मागे वळून हाक मारली आणि सगळी गाडीभोवती जमली. इतके दिवस मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. मावशी हसली. "बघ, ओरडायचं काम म्हातारीनं केलं!"

त्यानंतर रोज दोन पातेली ठेवायचे, एक दुधाचं, एक कोऱ्याचं. कोऱ्याचं आधी संपायचं.

वैशाखात शेवटचे पन्नास रुपये मावशीच्या हातात दिले. तिनं मोजले, कमरेच्या पिशवीत ठेवले. मग चहा बशीत ओतून सावकाश प्यायली आणि बशी रिकामीच परत केली. दीड रुपया ठेवला नाही. मीही मागितला नाही.