सिनेमातली आत्या

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस पालथं झोपायचं. आबांच्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. तो जागेवर बसवून डोळ्यात हवेचा बुडबुडा भरला होता, आणि बुडबुड्यानं पडद्याला दाबून धरायचं तर तोंड जमिनीकडेच हवं. जेवायला आणि अंघोळीला उठायचं, बाकी पालथं. "दिसेल ना?" मी विचारलं. "बुडबुडा विरला की कळेल. उजेड येईल, माणसं दिसतील. वाचता येईल का, ते आत्ता नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाले. दुसरा डोळा तरुणपणीच बाभळीच्या काट्यानं गेलेला, त्यामुळे जे काय व्हायचं ते या एकाच डोळ्याचं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. सगळी हयात बिडकीनजवळच्या शेतात गेली. आई गेल्यावर मी त्यांना सिडकोतल्या माझ्या घरी आणलं. शहरात त्यांचा जीव एकाच गोष्टीत रमला, पेपरात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानावरच्या टायरच्या जाहिरातीपर्यंत, तेही मोठ्यानं. मी कितीदा वैतागले असेन त्या वाचनावर. आता घर चिडीचूप झालं होतं आणि मला ती जाहिरातसुद्धा ऐकायची होती.

पहिले दोन दिवस आबा तीनच गोष्टी विचारत होते. किती वाजले, किती दिवस राहिले आणि पंखा कुणी वाढवला. तिसऱ्या दिवशी मी सिनेमा लावला, तोही त्यांच्यासाठी नव्हे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. नाटकांवरून झालेले जुने सिनेमे मुलांना दाखवायचे ठरलं होतं आणि पहिलाच माझ्या गळ्यात पडला होता. हॉलिवूडचा सिनेमा नुकताच बोलायला लागला होता, त्या काळातली एक घरगुती कॉमेडी. रोज थोडी पाहायची आणि खाली मराठी ओळी लिहायच्या, एवढं माझं काम. लॅपटॉप घेऊन मी आबांच्या पलंगाशी बसले. दहा मिनिटांत उशीतून आवाज आला, "नुसतं इंग्रजी कानात ओतायलीस. काय चाललंय ते सांग की."

मग मी सांगायला लागले. सगळा सिनेमा एका दिवाणखान्यात होता. एक जिना, एक दार आणि घरधन्याची एक मोठी खुर्ची. नट विनोद करून क्षणभर थांबायचे, कारण नाटकात तिथे हशा यायचा. सिनेमात समोर कुणी नव्हतं तरी थांबायची सवय राहिली होती. त्या मोकळ्या जागेत मी भराभर आबांना सांगून घ्यायचे.

तेवढ्यात दारातून एक ठसठशीत बाई आत आली. मागे चार पेट्या. कुणाला न विचारता ती त्या मोठ्या खुर्चीत बसली, हातमोजे काढले आणि घरातले पडदे बदला म्हणून सांगितलं. ती कोण, हे अजून कुणी बोललं नव्हतं. मी बेधडक सांगून टाकलं, "त्याची बहीण आलीय, आबा. पोरांची आत्या." दुसरं कोण असणार? आमच्याकडे भावाच्या घरात येऊन असा हुकूम सोडायचा हक्क एकीचाच. लेकीच्या घरी आई अशी पेट्यांसकट येत नाही. माझी आजी लेकीकडे गेली तरी दिवस मावळायच्या आत परत यायची.

शब्द तोंडातून गेला आणि माझी ट्यूब पेटली.

आबांची थोरली बहीण वेरूळच्या बाजूला दिलेली आहे. सहा वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या लग्नपत्रिकेत तिच्या नवऱ्याचं नाव राहून गेलं. चुलते छापले, मामे छापले, सरपंच छापले, आणि घरचा जावई तेवढा सुटला. आत्याला वाचता येत नाही. शेजारणीकडून तिनं ती पत्रिका दोनदा वाचून घेतली आणि फोन केला. आबा म्हणाले, "माझ्याकडूनच राहिलं, आक्का." लग्नाला ती आली नाही. आई गेली तेव्हा आली, पण घोटभर पाणी न घेता परत गेली. ती पत्रिका लिहिली होती मी, तपासली होती तीही मीच. फोन चालू असताना मी शेजारी उभी होते आणि गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

आता आबांना नको ते आठवून दिलं म्हणून मी सिनेमा थांबवला. उशीतून आवाज आला, "बसली का खुर्चीत?"

"बसली."

"मग तो काय म्हनला?"

"काय म्हणतोय. उभाच आहे बिचारा."

आबा हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. इतके हसले की मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला, पेशंट हसला तर चालतं का म्हणून. ते म्हणाले, पालथं राहून खुशाल हसू द्या.

त्या दिवसापासून मी कॉलेजातून आले की चपला काढायच्या आत प्रश्न यायचा, "आत्या काय करायली?" आत्या घरधन्याच्या चहात साखर कमी करायची, त्याचा कुत्रा अंगणात हाकलायची, आणि आबा म्हणायचे, "लई खरं हाय. अशीच असती."

पाचव्या दिवशी घात झाला. घरधन्याची बायको त्या बाईच्या गळ्यात पडली आणि तिला आई म्हणाली. ती सासू होती, आत्या नव्हतीच. मी लॅपटॉपकडे बघत बसले. "काय झालं?" आबांनी विचारलं. "वहिनी आत्याच्या गळ्यात पडलीय," मी म्हणाले. खरं सांगायला हवं होतं, पण मला ते हसू घालवायचं नव्हतं. मग मी पुढची सगळी कथा ओढूनताणून त्या एका थापेवर बसवली.

शेवटी त्या बाईला कळतं की आपण कुणालाच नको आहोत. ती पेट्या भरते. घरधनी जिन्यावरून धावत येतो. आता तो पेटी उचलून देणार असं वाटतं, तर तो तिच्या सगळ्यात मोठ्या पेटीवर बसतो. काही बोलत नाही, नुसता बसून राहतो. मी हे सांगितलं आणि आबा हसले नाहीत.

"पेटीवर बसला?"

"हो, आबा."

"आक्काला फोन लाव."

मी फोन त्यांच्या कानाशी धरला. "आक्का, मी पालथा पडलोय. डोळ्याचं हाय. ये," एवढंच ते म्हणाले. पलीकडून आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "आन हे आता सांगायलास व्हय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एसटीनं आली. हातात कापडी पिशवी, त्यात भाकरी आणि ठेचा. पालथ्या माणसाशी तोंडासमोर बोलायचं तर फरशीवर बसावं लागतं. तिचे गुडघे गेलेले. पलंगाचा पाय धरून ती हळूहळू खाली बसली, उशीच्या कडेवरून खाली झुकलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आबांच्या गालावर हात ठेवला. दोघंही रडली. मी पाणी दिलं, ते ती गटागटा प्याली. तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आत्या, ती पत्रिका मी लिहिली होती."

"ठाऊक हाय मला. तुझा बाप कवा पत्रिका लिहायला बसला? तुला पाठीशी घालायला त्यानं मला खोटं सांगितलं, राग त्याचा होता. मी काय तुला खाल्लं असतं?"

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आत्या राहिली. दोन दिवसांत माझ्या स्वयंपाकघरातले डबे तिच्या मर्जीनं लागले, आणि मी एका शब्दानं बोलले नाही.

पंधरा दिवस संपले, पुढे बुडबुडाही विरला. आबांना उजेड आला, माणसं आली. पण पेपर उघडला की अक्षरं नुसती काळी रांग. तपासायला गेलो की भिंतीवरच्या तक्त्यातल्या वरच्या मोठ्या दोन ओळी तेवढ्या वाचायचे. पेपर मी बंद करू का, असं विचारायचीही मला हिंमत होत नव्हती.

कॉलेजात सिनेमा दाखवायचा दिवस आला. आत्या त्यासाठी गावाहून पुन्हा आली होती. संध्याकाळी इथूनच परत जाणार होती, म्हणून पिशवी बरोबरच. दोघं पुढच्या रांगेत बसली आणि मी त्यांच्या शेजारी. खालच्या मराठी ओळी मी खऱ्याच लिहिल्या होत्या, मुलांसमोर थाप कशी मारणार? आणि आबांना कुठे वाचता येणार होतं? हा विचार मनात आला आणि मला माझाच राग आला.

बायको त्या बाईच्या गळ्यात पडली. खाली वीतभर अक्षरांत ओळ आली. नट हशासाठी थांबले, आणि त्या शांततेत आबा भरल्या हॉलमध्ये म्हणाले, "ही तर सासू हाय की."

मुलं हसली. मी वाकून विचारलं, "आबा, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"खाली लिहिलंय की," ते म्हणाले, पडद्यावरची नजर न काढता. "आन तू मला काय बी सांगितलंस."

मी तोंडावर पदर धरला. थाप पकडली गेल्याचा इतका आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.

आत्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मग आत्या नव्हतीच का त्यात? मी उगंच आले म्हना. निघते." तिनं पिशवीला हात घातला. आबांनी ती ओढून आपल्या मांडीवर घेतली आणि दोन्ही हात वर ठेवले.

"बस गं आक्का," ते म्हणाले. मग तिच्याकडे जरा कलले, आणि पुढचा सगळा सिनेमा त्यांनी तिला ओळ न ओळ वाचून दाखवला.