मधला रकाना

गुरुवार, सकाळचे नऊ वीस. तारीखबाईंच्या पडद्यावर एकाच महिन्याची दोन कॅलेंडरं शेजारीशेजारी उघडी होती. एकाचा आठवडा रविवारी सुरू होत होता, दुसऱ्याचा सोमवारी. ग्राहकाने काहीच निवडलं नाही तर फोनमध्ये आपोआप कोणतं दिसावं, हे संध्याकाळपर्यंत त्यांना पक्कं करायचं होतं. प्रत्येक प्रदेशासाठी तारखा आणि सुट्ट्या बसवणं हे त्यांचं कैक वर्षांचं काम. ऑफिसने नाव पाडलं ते त्यावरूनच. नियमावली सोमवार म्हणत होती. चाचणीच्या फोनांतही आधीचा रविवार काढून महिनाभर सोमवारच ठेवला होता. त्यातला एक फोन त्यांच्या वडिलांकडे.

त्याच फोनवरून वडील बोलले, "अगं, डोळ्यांच्या दवाखान्यात आलोय. नर्स म्हणते, ऑपरेशन काल होतं."

"बाबा, बुधवार सांगितला होता ना?"

"मग बुधवारच टाकला की! बरोबर मधल्या रकान्यात. मी काय दुधखुळा आहे?"

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. सोमवारपासून मोजलं की मधला रकाना गुरुवारचा, रविवारपासून मोजलं तरच बुधवारचा. वडील घड्याळजी. उभ्या जन्मात त्यांनी तबकडीवरचे आकडे वाचले नाहीत, काटा कुठे आहे तेवढं पाहिलं. कॅलेंडरही तसंच. डावा डोळा गेल्यात जमा. उजव्याच्या भरवशावर दुकान चालत होतं, आणि आता तोही धूसर झालेला. पुढची तारीख दोन महिन्यांनी. "उद्या कुणी गळलं तर बघू, सातला या," इतकंच नर्स म्हणाली.

बाईंनी आपल्या फोनमधल्या कॅलेंडरच्या वारांच्या नावांवर कागदाची पट्टी चिकटवली आणि तो घेऊन मजलाभर फिरल्या. चहावाल्या मावशी, पहारेकरी, हिशेबनीस. "बुधवार दाखवा." तिघांचंही बोट मध्यावर.

साहेब म्हणाले, "तुमच्या बाबांसाठी सगळ्यांचा आठवडा हलवायचा?"

"हलवला आपण, साहेब. मी होता तिथे ठेवतेय."

"आणि नियमावली?"

"सेटिंगमध्ये सोमवार आहेच. ज्याला हवा तो घेईल."

"वरून बोलावणं आलं तर माझं नाव नको."

"तुमचं कशाला? निर्णयाखाली नाव माझंच आहे."

चार वाजता रविवार पक्का झाला.

उद्या सकाळी सहाला चाचणीच्या सगळ्या फोनांत हा बदल उतरेल. सातला बाई वडिलांना घेऊन दवाखान्याच्या दारात असतील. ऑफिसात त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.