आईला चालेल असे हॉटेल

अकोला आणि अमरावतीच्या मधल्या रस्त्यावरची हॉटेले मला आजही डोळे मिटून, नुसत्या वासावरून ओळखता येतील. एकाच्या दारात कढईतल्या शिळ्या तेलाचा वास, दुसऱ्याच्या अंगणात फिनेल आणि ओले गोणपाट, तिसऱ्याकडे भट्टीवर भाजलेल्या मिरचीचा ठसका. हे हुंगण्याचे काम मी सलग दोन रविवार केले. नवरा गाडी चालवी. मी उतरून आत जाई, स्वयंपाकघरापर्यंत डोकावे आणि परत येऊन बसे. "जमलं?" तो विचारी. जमायचे म्हणजे नेमके काय, हेच माझ्या मनात धूसर होते.

माझ्या धाकट्या बहिणीने तीन वर्षांपूर्वी लग्न केले होते. तिचा नवरा बडनेऱ्याच्या बौद्ध कुटुंबातला, कृषी खात्यात नोकरीला. नोंदणी पद्धतीने झालेल्या त्या लग्नाला मी होते, आई नव्हती. भांडण झाले नाही, कुणी कुणाला तोडले नाही. आई फोनवर धाकटीची खुशाली विचारी, दिवाळीला माझ्याबरोबर तिच्यासाठी लुगडे पाठवी. मात्र त्या तीन वर्षांत ती जावयाबरोबर एकदाही जेवायला बसली नव्हती. प्रसंग येई आणि काहीतरी निघे. आता त्याची बदली गडचिरोलीकडे झाली होती आणि डिसेंबर सरताना दोघे जाणार होती.

"मले आशीर्वाद नको, काई नको," धाकटी फोनवर म्हणाली, "एक डाव ती आमच्यासंगं जेवली पायजे. मंग गडचिरोली काय अन् आणखी कुठं काय."

आईची कारणे खोटी नव्हती, गोंधळ तिथेच होता. ती महानुभाव पंथाची. ज्या छपराखाली मांस शिजते तिथे ती जेवत नाही आणि दुसऱ्या देवतेला दाखवलेला नैवेद्य तिला वर्ज्य. शिवाय लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी आईने जेवू नये, ही आमच्याकडची जुनी रीत. माझा मुलगा होईपर्यंत ती माझ्याकडेही स्वतःची भाकर फडक्यात बांधून येत असे. पंथ आणि रीत या दोन कारणांच्या मागे तिसरे, न बोललेले कारण उभे होते की नव्हते, ते मला सांगता आले नसते. आपल्या पंथात जात नाही, हे तिनेच आम्हा बहिणींना लहानपणी शिकवले होते, आणि ते शिकवताना तिचा आवाज पोकळ नसे.

म्हणून हॉटेल. तिचेही घर नाही, त्यांचेही नाही. दिवाळीनंतर ती दरवर्षी रिद्धपूरला, पंथाच्या तीर्थाला, जाते. त्या वर्षी मी तिला आमच्या गाडीतून नेणार होते. वाटेत कुठेतरी सगळ्यांनी भेटून जेवायचे, इतका सरळ बेत.

पूर्णेकाठच्या गावी, भावाच्या घरी, मी तो बेत आईपुढे मांडला. ती ओसरीत बसून कीड लागलेल्या बोंडांतून बरा कापूस निवडून काढत होती. ती वर्षे अशी होती की वर्तमानपत्र उघडताना शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातमीत आधी आपल्या तालुक्याचे नाव दिसते का, हे डोळे बघून घेत. त्यामुळे त्या दिवसांत सगळ्यांच्याच घरी वाया गेलेल्या बोंडांकडेही पुन्हा एकदा पाहिले जाई. तिच्या मनगटावर तंतू चिकटले होते आणि ओसरीला वाळलेल्या पाल्याचा तुरट वास होता.

"दर्शनाच्या अगोदर मी बाहेरचं खात नाई," ती म्हणाली.

"मग परत येताना जेवू."

"अमरावतीत नको. शहरात माया जीव घाबरते."

"शहराच्या बाहेर बघते."

"तिथं मटण शिजत असन."

"शाकाहारीच बघते, आई."

"गल्ल्यावर देवाचा फोटो असन. पयली थाळी त्याले दावत असतील."

"तेही विचारून घेते."

तिने हात थांबवून माझ्याकडे पाहिले. "तू हॉटेल पाहून राहिली का मायी बिळं बुजवून राहिली वं?"

ती हसली असावी. पण तेवढ्यात मान खाली गेली, आणि पदराच्या सावलीत ओठ काय करत होते ते मला दिसले नाही.

पहिल्या रविवारी मी चार हॉटेले बाद केली. एकाच्या दर्शनी पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' ठळक लिहिलेले होते आणि मागच्या नळाजवळ कोंबडीची पिसे वाऱ्याने गोल फिरत होती. दुसऱ्याच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. राखणीला बसलेला म्हातारा म्हणाला, "हंगामातच बंद केलं, बाई. लोकायच्या हाती काई आलं तर लोक हॉटेलात येतीन ना." तिसऱ्या ठिकाणी मी नैवेद्याचे विचारताच मालकाने हातातली वही मिटली आणि अदबीने विचारले, "म्याडम, तुमी कोण्या खात्यातून आल्या?"

नवरा गाडीत बसून हसत होता. रस्त्याकडेच्या बाभळींना ट्रकांतून उडालेला कापूस अडकला होता. उन्हात तो इतका सुंदर दिसत होता की मला त्याचा संकोच वाटला.

दुसऱ्या रविवारी मूर्तिजापूरच्या अलीकडे एक जागा सापडली. नवराबायको चालवीत होती. शेणाने सारवलेले अंगण, कडुनिंबाची सावली, आत चार टेबले. स्वयंपाकघरात ज्वारीची भाकर तव्यावर फुगत होती, तिचा कोमट, भाजका वास बाहेरपर्यंत येत होता. गल्ल्यावर कसलीही तसबीर नव्हती. मी कारण विचारले. मालकीणबाई म्हणाल्या, "भितीले खिळाच टिकत नाई, ताई. काळी जमीन हाये खाली, दर उन्हाळ्यात भिती फाटते. देव कुठं लटकवू?" मी तिथे दोन कप चहा प्याले आणि जागा पक्की केली.

संध्याकाळी धाकटीला फोन केला. मला वाटले होते ती सुखावेल.

"ताई, तू इतकं साफ करून ठेवलं," ती मग म्हणाली, "का आता आई जेवली नाई तर ते माया नवऱ्याच्याचमुळं असन. आतापर्यंत मी मनाले सांगत तरी होती, मटणाचं हाये, फोटोचं हाये, रीतीचं हाये."

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. ज्या कारणांआड आई उभी राहत होती, त्यांच्याच आडोशाला माझी बहीणही तीन वर्षे राहिली होती. मी दोघींचाही आडोसा काढून घेतला होता. एखादी तसबीर असलेले हॉटेल पुन्हा शोधावे काय, असा विचारही माझ्या मनात येऊन गेला.

मग जावयाने फोन घेतला. तो माझ्याशी नेहमी शांतपणे, पुस्तकी मराठीत बोलतो. "ताई, आई जेवोत की न जेवोत, मी जेवणार आहे. मोटरसायकलवर मला फार भूक लागते." आम्ही दोघे हसलो. मग तो म्हणाला, "एक सांगू का? माझी आईसुद्धा तुमच्याकडे कधी जेवलेली नाही. तिच्यासाठी कोणी हॉटेल शोधलं नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी "खरं आहे" एवढेच म्हटले आणि फोन ठेवला.

ठरलेल्या दिवशी रिद्धपूरला दर्शन झाले. आई तिथे नेहमीसारखी हलकी, जवळजवळ मुलीसारखी झाली. परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांचे ढीग होते. काच खाली केली की सालीचा आंबट-कडू वास आत येई. आई पुढच्या सीटवर बसली होती आणि अमरावती ओलांडेपर्यंत तिने संत्र्याच्या भावाखेरीज कशाचीही चौकशी केली नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ती दोघे आधीच येऊन कडुनिंबाखाली उभी होती, भुवयांवर धूळ, त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर घामाचा नकाशा. तो पुढे आला आणि वाकून म्हणाला, "दंडवत, आई." महानुभावांचे अभिवादन, ते त्याने मुद्दाम लक्षात ठेवले होते.

"दंडवत, साहेब," आई म्हणाली.

साहेब. त्या एका शब्दात मान किती आणि अंतर किती, ते मला मोजता येईना. धाकटीने माझ्याकडे पाहिले. मी उगीचच पर्समध्ये काहीतरी शोधू लागले.

पाटवड्यांचा रस्सा आला, भाकरी आल्या, वांग्याची भाजी, ठेचा. आम्ही चौघांनी हात पुढे केले आणि तिथेच थांबलो. आईने भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. बसायची जागाही तिने स्वतःच घेतली होती, जावयाच्या समोरची.

"साहेब, कापसाले लाल्या काहून येते?" तिने घास गिळून विचारले. पाने लाल पडून झाड वठते, तो रोग त्या वर्षी भावाच्या शेतात होता.

तो मनापासून सांगू लागला. जमिनीत मॅग्नेशियम कमी पडते, वेळेवर फवारणी हवी, या बियाण्याला पाण्याचा ताण सोसत नाही.

"फवारलं ना. दुकानदार म्हणे तसं फवारलं."

"दुकानदार विकणाराच ना, आई. त्याला कशाला विचारायचं?"

"मंग कोणाले विचारावं? तुमचे लोक तर चावडीवर येऊन सही घेतात न निंगून जातात."

"तेही खरं आहे," तो म्हणाला, आणि आई हसली. तिने आणखी एक भाकर मागितली. माझा नवरा रश्शाची तारीफ करू लागला. जेवण अगदी नीट, सुरळीत चालले होते. इतके सुरळीत, की माझ्या आत कसलीतरी चुकचुक सुरू झाली.

धाकटी हात धुवायला उठली. मी तिच्या मागे गेले.

"जेवली," मी म्हटले.

"हो." ती बोटे चोळत राहिली. "मंग मले काहून काईच वाटून नाई राहिलं? रिद्धपूरच्या पंगतीत बाजूले कोण बसला ते ती विचारते का? तशीच इतं जेवली. आमच्यासंगं नाई जेवली, ताई. हॉटेलात जेवली."

तिचे म्हणणे बरोबर होते. नाही म्हणायचे प्रत्येक कारण मी दूर केले होते, आणि त्याबरोबर हो म्हणण्याजोगेही काही उरू दिले नव्हते. ती भाकर कुणाच्याच घरची नव्हती. ती खाल्ल्याने कुणीच कुणाचे झाले नव्हते.

आम्ही परत येऊन बसलो तेव्हा मालकीणबाई पेल्यांत पाणी ओतत होत्या. माझ्या नवऱ्याने घोट घेतला आणि तोंड वेडेवाकडे केले. पाणी खारे होते. त्या सगळ्या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारेच आहे, आणि मी त्या रविवारी इथे दोन कप चहा प्याले होते, पाणी चाखले नव्हते.

"आणलंय मी," जावई म्हणाला. मोटरसायकलला बांधलेली पाण्याची कॅन तो घेऊन आला. "घरून भरली. इकडचं असं असतं म्हणून." त्याने माझ्या नवऱ्याला दिले, मला दिले, धाकटीला दिले. आईपाशी येऊन त्याचा हात थांबला. तिच्यापुढे हॉटेलच्या पाण्याचा पेला भरलेला होता. तो आपल्या खुर्चीवर बसला आणि कॅन मांडीवर धरून तिचे झाकण उगीचच फिरवू लागला.

आईला त्या पाण्याची काही अडचण नव्हती, हे टेबलावरच्या सगळ्यांना ठाऊक होते. ती पूर्णेकाठी जन्मली, पूर्णेकाठीच नांदली. आमच्या विहिरीचे पाणी त्या पेल्यातल्याहून खारे. माझ्या घरी, अकोल्यात, ती दोन दिवस राहिली की तिसऱ्या दिवशी कुरकुर करी, या गोड्या पाण्याने तहान जात नाही म्हणे. तिला त्या कॅनची गरज नव्हती, आणि कुणी तिला आग्रहही केला नव्हता. ती पेला उचलणार, पिणार आणि आम्ही उठणार.

बाहेरून एक ट्रक गेला. टेबलावरची भांडी थरथरून पुन्हा स्थिर झाली.

आईने पेला उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

"खारं हाये," ती म्हणाली.

मालकीणबाई अपराधी चेहऱ्याने म्हणाल्या, "इकडं असंच असते, माय."

"लई खारं हाये. घशाखाली उतरत नाई." ती जावयाकडे वळली. "तुमच्या त्या घरच्या पान्यातलं द्या बरं मले."

धाकटी उठून कॅनकडे हात नेऊ लागली. "तू बस," आई म्हणाली. "त्यायच्या हाती हाये ना."

मालकीणबाईंनी रिकामा पेला आणून दिला. त्याने ओतले. थोडे टेबलावर सांडले, आणि ते पुसायला कुणीही हात हलवला नाही. आईने पेला तोंडाला लावला आणि सावकाश, अखेरच्या थेंबापर्यंत प्याली. धाकटी ताटातल्या उरलेल्या तुकड्याकडे बघत होती आणि तिचा श्वास मला शेजारी ऐकू येत होता.

"नळाचं का?" आईने विचारले.

"हो, आई. धरणाचं."

"बेचव हाये," आई म्हणाली, आणि रिकामा पेला तिने पुन्हा त्याच्यापुढे धरला.